रोंडा राउझी : जय आणि पराजय

जत्रेच्या दिवशीं गांवाबाहेरच्या हौद्यांत दोन मल्ल भिडले, म्हणजे सारा गांव कामधाम टाकून भोंवतीं जमतो. अंगाला माती लागलेली, कान सुजलेले, छाती भात्याप्रमाणें हलत असलेली, अशा त्या दोन पुरुषांकडे आपण कौतुकानें पाहतों, आणि जो जिंकतो त्यास खांद्यावर घेऊन मिरवितों. तोच देखावा डोळ्यांपुढें आणून पुरुषांच्या ठिकाणीं दोन स्त्रिया कल्पिल्या, तर कित्येक वाचकांच्या कपाळास आंठ्या पडतील. अमेरिकेंतहि, फार पूर्वीं नव्हे, २०११ सालापर्यंत अशाच आंठ्या पडत होत्या. त्या ज्या एका तरुणीनें बऱ्याच अंशीं उतरविल्या, तिची ही हकीकत आहे. तिचें नांव रोंडा राउझी.

हा विषय शाळेच्या वार्षिकास शोभतो कीं नाहीं, हा प्रश्न आम्हीं प्रथम स्वतःसच विचारून पाहिला. ज्या खेळांत रक्त सांडतें आणि हाडें निखळतात, त्याची स्तुति विद्यार्थ्यांपुढें करावी काय? परंतु विचारान्तीं आम्हांस असें दिसलें कीं, या स्त्रीच्या चरित्रांत ठोशालाथांहून अधिक असें कांहीं आहे. मुकें मूल बोलूं कसें लागलें, एकाच डावावर कीर्तीचा डोलारा कसा उभा राहिला, आणि तो एका रात्रींत कोसळल्यावर माणूस पुन्हां उभें कसें राहतें, हें त्यांत पाहावयास मिळतें. शिवाय ज्या गोष्टींची स्तुति करूं नये, त्याहि आम्ही शेवटीं सांगणार आहों.

प्रथम या खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्यास 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' म्हणतात. आम्ही त्यास मिश्र मल्लयुद्ध म्हणूं. मुष्टियुद्धांत फक्त ठोसे, कुस्तींत फक्त पकड, ज्यूदोंत फेंक आणि पकड, अशी प्रत्येक विद्येची आपापली हद्द ठरलेली असते. मिश्र मल्लयुद्धांत या हद्दी पुसलेल्या असतात. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, उचलून आपटणें, गळा आवळणें, सांधा पिळणें, हें सारें तेथें चालतें. तथापि तेथें कांहींच वर्ज्य नाहीं, असें मात्र नव्हे. डोळ्यांत बोटें घालणें, चावणें, डोक्यानें टक्कर देणें, डोक्याच्या मागच्या बाजूस किंवा पाठीच्या कण्यावर मारणें, खालीं पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणें, या गोष्टींस सक्त बंदी आहे. साधी लढत पांच पांच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, व अजिंक्यपदाची लढत पांच फेऱ्यांची असते. दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिट विसांवा मिळतो. हातांत बोटें मोकळीं ठेवणारे पातळ हातमोजे असतात, आणि आखाडा जाळीनें वेढलेला, पुष्कळदां अष्टकोनी असतो. वजनाप्रमाणें गट पाडलेले असतात. रोंडा ज्या गटांत लढली, त्याची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारें ६१ किलो, ही होती.

आपल्या कुस्तीशीं ताडून पाहतां एक मोठा भेद ध्यानांत येतो. कुस्तींत पाठीस माती लागली कीं निकाल लागला. येथें पाठ टेंकली म्हणजे लढतीचा केवळ दुसरा अंक सुरू होतो. खालीं पडलेला मल्ल खालूनच वरच्याचा हात धरून मोडूं शकतो, किंवा त्याचा गळा आवळूं शकतो. ज्यास वेदना सोसवत नाहीं, तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हातानें थाप मारतो. ती थाप म्हणजे हार मान्य केल्याची खूण होय. थाप ऐकतांच पंच दोघांस दूर करतो. पुष्कळ जणांस ही थाप मारणें मरणाहून अवघड वाटतें, आणि त्याची किंमत त्यांस पुढें महिनेच्या महिने चुकवावी लागते.

या खेळाचें मूळहि मनोरंजक आहे. जपानांत कानो जिगोरो या शिक्षकानें १८८२ सालीं तोकियो येथें 'कोदोकान' नांवाची शाळा काढून जुन्या जुजुत्सु विद्येंतून ज्यूदो हा खेळ घडविला. त्या शाळेंत तयार झालेला माएदा मित्सुयो नांवाचा मल्ल हिंडत हिंडत ब्राझील देशांत गेला. तेथें ग्रेसी नांवाच्या घराण्यानें त्याची विद्या उचलली व आपल्या पद्धतीनें वाढविली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं निरनिराळ्या विद्यांच्या मल्लांचा एक सामना भरला आणि त्यांत याच घराण्यांतील रॉयस ग्रेसी हा सडपातळ तरुण आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांस हरवून पहिला आला. 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप', संक्षेपानें यू. एफ. सी., या संस्थेचा तो पहिला सामना होय. त्या वेळीं नियम थोडे आणि वजनाचे गट मुळींच नव्हते. जॉन मॅकेन या सिनेटरानें त्यास माणसांच्या कोंबडझुंजी म्हटलें, आणि कित्येक संस्थानांनीं त्यावर बंदी घातली. न्यूयॉर्क संस्थानांत तर ही बंदी २०१६ सालापर्यंत टिकली. पुढें नियम आले, वजनांचे गट आले, वैद्यकीय तपासणी आली, आणि हळूहळू या खेळास मान्यता मिळाली. परंतु तो बहुतांशीं पुरुषांचाच राहिला. १५ ऑगस्ट २००९ रोजीं जीना कारानो व ब्राझीलची ख्रिस सायबोर्ग यांची लढत हीच त्या दिवसाची मुख्य लढत होती, आणि मोठ्या सामन्यांत असा मान स्त्रियांस मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. तरीहि यू. एफ. सी.चा दरवाजा बंदच होता.

आतां आमच्या नायिकेकडे वळूं. रोंडाचा जन्म १ फेब्रुवारी १९८७ रोजीं कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें झाला. जन्मतः तिच्या गळ्याभोंवतीं नाळेचा वेढा पडला होता आणि मूल हातीं लागतें कीं नाहीं, अशी शंका होती. मूल वांचलें; परंतु त्याची वाचा फुटेना. मनांतील शब्द जिभेवर नीट उतरत नसत. ती बोले तें घरच्यांसच कसेंबसें समजे. वाचेच्या उपचारांची सोय व्हावी, हाहि एक हेतु धरून राउझी कुटुंब नॉर्थ डकोटा या थंड संस्थानांत राहावयास गेलें. मायनॉट येथील विद्यापीठांत आईस काम मिळालें, आणि तेथील तज्ज्ञांनीं मुलीस बोलावयास शिकविलें. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ती इतर मुलांप्रमाणें स्पष्ट बोलूं लागली. पुढें हजारों लोकांपुढें आत्मविश्वासानें बोलणाऱ्या या स्त्रीस एक साधें वाक्य बोलण्यासाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

याच प्रांतांत कुटुंबावर मोठा आघात झाला. बर्फावरून घसरगाडींत बसून खालीं येण्याचा मुलांचा खेळ चालला असतां वडिलांची पाठ मोडली. त्यांस रक्त न थांबण्याचा एक दुर्मिळ विकार होता. त्यामुळें दुखणें बरें होईना, उलट अंग हळूहळू लुळें पडणार, असें वैद्यांनीं सांगितलें. अखेरीस १९९५ सालीं त्यांनीं आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली. रोंडा त्या वेळीं आठ वर्षांची होती. ती पोहण्यांत प्रवीण होती आणि पोहण्याचा नाद तिला वडिलांच्या सहवासांत लागला होता. वडील गेल्यावर पाण्यांत तिचें मन रमेना.

तिची आई ॲनमारिया डी मार्स ही असामान्य बाई. १९८४ सालीं व्हिएन्ना येथें ज्यूदोंतील जगज्जेतेपद मिळवून तिनें इतिहास घडविला होता; तिच्या आधीं कोणाहि अमेरिकन माणसास, पुरुषास वा स्त्रीस, तें मिळालें नव्हतें. त्याचबरोबर शैक्षणिक मानसशास्त्रांत तिनें डॉक्टरची पदवीहि मिळविली. कुटुंब कॅलिफोर्नियास परतल्यावर अकरा वर्षांच्या रोंडानें आईजवळ ज्यूदोचे धडे घेण्यास आरंभ केला. लाड कसले ते तेथें नव्हते. सकाळीं मुलगी झोंपेंत असतांनाच आई तिचा हात पकडींत धरून तिला जागें करी, असें रोंडानें सांगितलें आहे. झोंपेंतसुद्धां कोपर सांभाळतां आलें पाहिजे, हा तो धडा होता. हा डाव पुढें तिच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला, म्हणून त्याची फोड येथेंच करूं.

ज्यूदोंत त्यास 'जुजी गातामे' म्हणतात. प्रतिस्पर्धी उताणी पडली, कीं तिचा एक हात आपल्या दोन मांड्यांच्या मधून ओढून घ्यावयाचा; आपले दोन्ही पाय तिच्या छातीवर व मानेवर आडवे टाकून तिला जखडावयाचें; तिचें मनगट दोन्ही हातांनीं आपल्या छातीशीं घट्ट धरावयाचें, आणि मग कंबर वर उचलावयाची. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत तरफेचा पाठ झाला असेल त्यांस यांतील मर्म लगेच कळेल. प्रतिस्पर्ध्याचा हात हा दांडा, आपली कंबर हा टेकू, आणि ज्या बाजूस कोपर कधींच वळत नाहीं, त्या बाजूस तें वळविणारें बळ म्हणजे आपल्या पाठीची, मांड्यांची व दोन्ही हातांची एकवटलेली शक्ति. एका बाजूस सारें शरीर, दुसऱ्या बाजूस एकटा सांधा. मग शक्तिमान् प्रतिस्पर्ध्याचेंहि कांहीं चालत नाहीं. थाप मारावी, नाहीं तर कोपर निखळूं द्यावें, एवढेच दोन मार्ग उरतात.

सोळाव्या वर्षीं रोंडा घर सोडून मॅसॅच्युसेट्स संस्थानांत जिमी पेड्रो व त्याचे वडील या ख्यातनाम वस्तादांच्या तालमींत दाखल झाली. २००४ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत ज्यूदोच्या साऱ्या खेळाडूंत ती वयानें सर्वांत लहान, म्हणजे सतरा वर्षांची होती. पहिल्याच कुस्तींत ऑस्ट्रियाच्या क्लाउडिया हाइलनें तिला हरविलें. पुढें त्याच हाइलनें रौप्यपदक मिळविलें. २००७ सालीं रिओ द जानेरो येथील जागतिक स्पर्धेंत रोंडा अंतिम फेरीपर्यंत पोंचली व दुसरी आली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकांत ७० किलो वजनाच्या गटांत तिनें कांस्यपदक मिळविलें. स्त्रियांचा ज्यूदो १९९२ सालीं ऑलिंपिकांत आला, तेव्हांपासून अमेरिकेच्या कोणाहि स्त्रीस त्यांत पदक मिळालें नव्हतें. तें पहिलें पदक रोंडाचें.

पदक गळ्यांत पडल्यावर सुखाचे दिवस आले असतील, असें वाचकांस वाटेल. तसें घडलें नाहीं. एकविसाव्या वर्षीं तिनें ज्यूदो सोडला. हातीं दुसरी विद्या नव्हती आणि पैसाहि नव्हता. मद्यगृहांत पेले भरून देणें, गिऱ्हाइकांस वाढणें, व्यायामशाळेंत रात्रपाळी करणें, अशीं कामें तिनें केलीं. कांहीं दिवस तर राहावयास जागा नसल्यामुळें तिनें आपल्या मोटारगाडींतच मुक्काम केला. ज्या देशानें पदकाबद्दल टाळ्या वाजविल्या, त्यास या गोष्टीची वार्ताहि नव्हती. खेळाडूच्या आयुष्यांतील हा भाग वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येतो; म्हणून आम्हीं तो मुद्दाम येथें नमूद केला आहे.

अशा स्थितींत ती ग्लेनडेल येथील एका तालमींत मिश्र मल्लयुद्ध शिकूं लागली. हा मार्ग आईस पसंत नव्हता. स्त्रियांसाठीं त्यांत तेव्हां ना मान होता, ना पैसा. २७ मार्च २०११ रोजीं रोंडानें धंदेवाईक म्हणून पहिली लढत केली आणि ती २५ सेकंदांत जिंकली. डाव तोच, आईनें झोंपेंतून उठवितांना शिकविलेला. पुढच्या तीन लढतींपैकीं एकहि मिनिटभर टिकली नाहीं. ३ मार्च २०१२ रोजीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें तिची गांठ 'स्ट्राइकफोर्स' या संस्थेची अजिंक्यपटु मीशा टेट हिच्याशीं पडली. टेटनें थाप मारण्याचें शक्य तितकें टाळलें. कोपर भलतीकडे वळलेलें प्रेक्षकांस स्पष्ट दिसलें, तेव्हां कोठें तिनें हार मानली. पहिल्याच फेरींत, ४ मिनिटें २७ सेकंदांनीं, अजिंक्यपदाचा पट्टा रोंडाच्या कमरेस आला.

यू. एफ. सी.चा अध्यक्ष डेना व्हाइट यास २०११ च्या आरंभीं कोणीसें विचारलें होतें कीं, तुमच्या आखाड्यांत स्त्रिया केव्हां लढणार? 'कधींच नाहीं,' असें त्यानें उत्तर दिलें होतें. पुरतीं दोन वर्षें झालीं नाहींत, तोंच त्याच गृहस्थानें रोंडाशीं करार करून स्त्रियांचा पहिला पट्टा तिच्या हातीं दिला. माणसाचें मत युक्तिवादानें क्वचित् बदलतें. डोळ्यांनीं पाहिलेल्या कर्तृत्वानें तें बदलतें, याचा हा एक नमुना होय. अर्थात् तिकिटांची विक्रीहि त्या मतपरिवर्तनास कारण झाली असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं.

२३ फेब्रुवारी २०१३ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें यू. एफ. सी.च्या इतिहासांतील स्त्रियांची पहिली लढत झाली, आणि तीच त्या रात्रीची मुख्य लढत होती. प्रतिस्पर्धी लिझ कार्मूश ही अमेरिकेच्या आरमारी पायदळांत नोकरी केलेली काटक स्त्री. लढतीच्या आरंभींच ती रोंडाच्या पाठीवर चढली, पायांचा विळखा घातला आणि जबडा व मान पिळूं लागली. क्षणभर असें वाटलें कीं, हा सारा खटाटोप पहिल्याच रात्रीं संपणार. रोंडानें उभ्या उभ्याच एकेक पाय सोडवून तिला खालीं टाकलें, आणि मग हात मिळविण्यासाठीं झगडा सुरू झाला. फेरी संपण्यास ११ सेकंद उरले असतां कार्मूशनें थाप मारली.

यानंतरचीं अडीच वर्षें म्हणजे विजयांची माळच होय. डिसेंबर २०१३ मध्यें टेटशीं पुन्हां गांठ पडली, आणि तेव्हां मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत दम काढावा लागला. फेब्रुवारी २०१४ मध्यें, २००४ च्या ऑलिंपिकांत कुस्तीचें रौप्यपदक मिळविलेली सेरा मॅकमन ६६ सेकंदांत हरली. त्याच वर्षीं जुलैंत ॲलेक्सिस डेव्हिस १६ सेकंदांत, फेब्रुवारी २०१५ मध्यें कॅट झिंगानो १४ सेकंदांत, आणि १ ऑगस्ट २०१५ रोजीं रिओ द जानेरो येथें बेथी कोरेया ३४ सेकंदांत हरली. प्रेक्षक आपल्या जागेवर नीट बसण्यापूर्वींच लढत संपलेली असे. तोंवर झालेल्या बारा लढतींत बारा जय. त्यांपैकीं नऊ त्या एकाच डावानें. चित्रपट, मासिकांचीं मुखपृष्ठें, भाषणें, मुलाखती यांची रीघ लागली. ही स्त्री कधीं हरणारच नाहीं, असें लोक बोलूं लागले. आणि दुर्दैवाची गोष्ट ही कीं, तिलाहि तें खरें वाटूं लागलें.

१५ नोव्हेंबर २०१५ रोजीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं ५६,२१४ प्रेक्षकांपुढें तिची लढत हॉली होमशीं झाली. होम ही एका धर्मोपदेशकाची कन्या. मुष्टियुद्धांत तिनें अनेक वेळां जगज्जेतेपद मिळविलें होतें. लढतीपूर्वीं एकमेकींच्या हातास हात लावण्याची रीत आहे. रोंडानें ती पाळली नाहीं. यापूर्वीं टेटनें जिंकणारीपुढें हात केला असतांहि रोंडानें तो घेतला नव्हता आणि प्रेक्षकांनीं तिची छी:थू केली होती. लढत सुरू होतांच रोंडा सरळ चालून गेली. होम मागें सरे, बाजूस वळे, आणि जवळ येणाऱ्या तोंडावर डाव्या हाताचा ठोसा ठेवून निसटे. रोंडाची सारी विद्या प्रतिस्पर्धी हातांत सांपडण्यावर अवलंबून; आणि येथें तर ती सांपडेचना. पाठलाग करतां करतां दम गेला, तोंड रक्ताळलें. दुसऱ्या फेरीच्या ५९ व्या सेकंदास होमची डावी लाथ मानेवर व डोक्यावर बसली, आणि जी कधीं पडली नव्हती ती बेशुद्धावस्थेंत जमिनीवर आडवी झाली.

या पराभवाचें कारण काय? 'गर्वाचें घर खालीं' अशी म्हण लोकांनीं आपापल्या भाषेंत उच्चारली, आणि तिच्या जयाहून तिच्या पराजयाचा उत्सव मोठा झाला. गर्व होता, हें आम्हांस नाकारतां येत नाहीं. परंतु केवळ गर्वामुळें मनुष्य लढतींत हरतें, असें म्हणणें म्हणजे होमच्या श्रमांचा अपमान करणें होय. खरें कारण आम्हांस असें दिसतें कीं, ज्या डावानें वारंवार जय मिळतो, त्या डावापलीकडे शिकण्याची निकड माणसास वाटेनाशी होते. प्रतिस्पर्धी मात्र तोच डाव रात्रंदिवस अभ्यासीत असतात. त्यांनीं तिच्याजवळ न जाण्याची विद्या शिकून घेतली. रोंडानें दूर राहणाऱ्याशीं लढण्याची विद्या तितक्या कसोशीनें शिकून घेतली नाहीं. परीक्षेंत एकच प्रकरण पाठ करून दोनतीन वर्षें पहिला येणारा विद्यार्थी चौथ्या वर्षीं कां अडखळतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

पराभवानंतर विमानतळावर तिनें उशीनें आपलें तोंड झांकून घेतलें होतें. २०१६ च्या फेब्रुवारींत दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत तिनें अश्रु ढाळीत कबूल केलें कीं, त्या रात्रीं आपणांस जीव नकोसा झाला होता. आपण अजिंक्य नसलों तर आपण आहों तरी कोण, असा प्रश्न आपणांस पडला होता. वडिलांचें काय झालें होतें हें जाणणाऱ्यास या शब्दांचा भार कळेल. ही कबुली देण्यास जें धैर्य लागलें, तें चौदा सेकंदांत जिंकण्यास लागलें नसेल. मनांतील अंधार बोलून दाखविणें हा दुबळेपणा नव्हे. जवळच्या माणसापाशीं तो वेळींच बोलावा, हें आम्ही आमच्या तरुण वाचकांस कळकळीनें सांगतों.

३० डिसेंबर २०१६ रोजीं ती पुन्हां आखाड्यांत उतरली. ब्राझीलच्या अमांडा नुनिसनें तिला ४८ सेकंदांत हरविलें. जी सेकंदांनीं जिंकत होती, ती सेकंदांनींच हरली. २०११ ते २०१६ या काळांतील तिच्या धंदेवाईक लढती एकंदर चौदा. त्यांत बारा जय व दोन पराजय. त्यानंतर ती त्या आखाड्यापासून दूर झाली. ५ जुलै २०१८ रोजीं यू. एफ. सी.नें आपल्या सन्मानमंदिरांत तिचें नांव दाखल केलें. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षीं ती डब्ल्यू. डब्ल्यू. ई. या संस्थेच्या कुस्त्यांत शिरली. त्या कुस्त्यांचा निकाल नाटकाप्रमाणें आधीं ठरलेला असतो. परंतु उड्या आणि आपटणीं खरींच असतात. ७ एप्रिल २०१९ रोजीं त्या संस्थेच्या 'रेसलमेनिया' या वार्षिक उत्सवांत प्रथमच शेवटची मुख्य लढत स्त्रियांची झाली. त्या तिघींपैकीं रोंडा एक होती. २०२१ सालीं ती आई झाली.

आतां जी गोष्ट सांगण्याचें आम्हीं आरंभीं वचन दिलें, ती सांगतों. २०२४ सालीं आपल्या दुसऱ्या आत्मकथनाच्या निमित्तानें रोंडानें उघड केलें कीं, ज्यूदोच्या दिवसांपासून आपल्या डोक्यास वारंवार इजा होत आली होती आणि आपण ती लपवून ठेविली. डोक्यास जबर धक्का बसला म्हणजे मेंदू कवटीच्या आंत हादरतो. सुज उतरते, खरचटलेलें भरून येतें. परंतु मेंदूवरील असे हादरे एकावर एक पडत गेले, तर पुढचा हादरा लहान असला तरी मोठें नुकसान करतो. मेलबर्नला तिची दृष्टि व अंतराचा अंदाज पहिल्या कांहीं ठोशांतच गेला होता, असें ती म्हणते. या कथनानें होमच्या जयास उणेपणा येत नाहीं. परंतु थाप न मारणें आणि दुखणें लपविणें यांस शौर्य म्हणण्याची जी रीत खेळाडूंत आहे, ती किती घातक आहे, हें त्यावरून कळून येतें. क्रीडांगणावर डोकें आपटल्यावर चक्कर येत असतांहि 'कांहीं नाहीं, खेळतों' म्हणणारा मुलगा शूर नव्हे. त्यास बाहेर बसविणारा कर्णधार शहाणा. आणि रोंडाचे डाव मधल्या सुट्टींत एकमेकांवर करून पाहण्याचें धाडस कोणींहि करूं नये. कोपर मोडण्यास एक क्षण पुरतो.

मग या साऱ्या झगड्यांतून उरलें काय? तिचे विक्रम पुढें मोडले गेले. ज्या नुनिसनें तिला हरविलें, तिनें २९ डिसेंबर २०१८ रोजीं दुसऱ्या वजनगटाचाहि पट्टा जिंकला. एकाच वेळीं दोन पट्टे धारण करणारी यू. एफ. सी.मधील ती पहिली स्त्री होय. परंतु रोंडानें उघडलेला दरवाजा पुन्हां मिटला नाहीं. २०१४ सालीं ११५ पौंडांचा, आणि २०१७ सालीं १४५ व १२५ पौंडांचा, असे स्त्रियांचे नवे गट निघाले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं चीनच्या झांग वेइलीनें शेंजेन येथें ४२ सेकंदांत ११५ पौंडांचें अजिंक्यपद मिळविलें, आणि यू. एफ. सी.चा पट्टा जिंकणारी ती पहिली चिनी व्यक्ति ठरली. सर्वांत बोलका योगायोग मात्र निराळाच आहे. ज्या पेड्रो पितापुत्रांच्या तालमींत रोंडा शिकली, तेथेंच तिच्यामागून केला हॅरिसन ही मुलगी आली. हॅरिसननें २०१२ व २०१६ या दोन ऑलिंपिकांत ज्यूदोचें सुवर्णपदक मिळविलें, आणि ७ जून २०२५ रोजीं रोंडाच्याच वजनगटाचा तोच पट्टा जिंकला. जेथें पूर्वीं वाटच नव्हती, तेथें एकीच्या पावलांवर दुसरीचीं पावलें उमटलीं.

जत्रेंतील ज्या हौद्यापासून आम्हीं आरंभ केला, तेथेंच शेवटीं परत येऊं. हरलेला मल्ल अंगावरची माती झटकीत गर्दींतून एकटाच बाहेर पडतो, तेव्हां त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. सारे डोळे जिंकणाऱ्यावर खिळलेले असतात. पुढच्या वेळीं आमच्या वाचकांनीं क्षणभर त्या हरलेल्याकडे पाहावें. तो उद्यां सकाळीं तालमींत पुन्हां येतो कीं नाहीं, आणि कालच्याहून निराळा एखादा डाव शिकूं लागतो कीं नाहीं, यावरच त्याची खरी परीक्षा ठरते. रोंडाचे बारा जय आम्हांस थक्क करतात. परंतु सहाव्या वर्षापर्यंत एक वाक्य नीट बोलतां न येणारी मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षीं साऱ्या जगापुढें हरल्यावर आपलें दुःख स्पष्ट शब्दांत बोलूं शकली, ही गोष्ट आमच्या मतें त्या बारांहून मोठी आहे.